दोन्ही हात मोकळे

धाकटी घळीत घसरली तेव्हा तिने जे केलं, ते फक्त धनुष्य बाळगणारी माणसंच करतात. शेवाळावरून पाय निसटला, हाताच्या अंतरावर कातळाची चांगली धार होती, आणि ती धरायची सोडून तिने उजव्या हातातलं धनुष्य डोक्यावर उंच उचललं. अंगावर कुत्रं धावून आलं की कडेवरचं मूल उचलावं, तसं. धनुष्याला ओरखडासुद्धा आला नाही. डावा हात मात्र सगळ्या अंगाखाली सापडला आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं.

"धनुष्य कसंय?" वरून मामाने पहिला प्रश्न हाच विचारला.

"ठीक आहे," ती आडवी पडूनच म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क समाधान होतं.

हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी ही हकिगत ऐकली आणि चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "मग एक्स-रे कुणाचा काढू? तुमचा की त्याचा?"

हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं मागे वळेना. मूठ घट्ट आवळता येई, त्यामुळे धनुष्य धरण्यात काही उणं नव्हतं. दगडावर तळहात टेकवून त्यावर वजन टाकणं मात्र जमेना. सपाट जमिनीवर याने काही बिघडत नाही. घळीत बिघडतं.

घळ म्हणजे डोंगराच्या पोटात पडलेली उभी चीर. तळाला ढासळलेले धोंडे, मध्ये काटेरी झुडपं, आणि निम्म्या वाटेवर कातळाचा एक फुगवटा, ज्याला सगळे 'कुबड' म्हणत. कुबडापर्यंत धनुष्य डाव्या हातात आणि पकड उजव्या हाताची. कुबडापाशी धरायला जे काही आहे ते डावीकडेच, म्हणून तिथे धनुष्य उजव्या हातात घ्यायचं. वरच्या पठारावर रानडुकरं चरायला येतात, आणि जंगलखात्याने शिकारीसाठी वर्षातले मोजके दिवस ठरवून दिलेले असतात. मामाची टोळी वर्षानुवर्षं अशीच चढत आली होती, एक हात डोंगराला आणि एक हात धनुष्याला.

टोळीचा नियम एकच होता, पण तो दगडावरची रेघ होता. आपलं धनुष्य आपण न्यायचं. अवघड जागी दुसऱ्याच्या हातात दिलं, की त्या माणसाचं वर जाणं संपलं. त्याने खाली पाणवठ्यावर बसायचं, चहा करायचा, आणि चुकून एखादं जनावर पाण्यावर आलं तर बाण सोडायचा. तसं जनावर सहसा येत नसे. धाकटीच्या बाबांचा कंबरेचा सांधा गेला तेव्हा त्यांनी कुबडापाशी एकदाच धनुष्य मामाच्या हातात दिलं होतं. दोन वर्षं ते पाणवठ्यावर बसले. तिसऱ्या वर्षी घरीच बसले.

हंगाम तोंडावर आला तेव्हा मामा घरी आला. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ फुंकर घालत राहिला.

"यंदा तू खाली बस, धाकटे."

"यंदा, की कायमची?"

"यंदा म्हणालो ना."

"बाबांनाही यंदाच म्हणाला होतास."

मामाने कप खाली ठेवला. कोपऱ्यात बाबा लाकूड तासत होते, त्यांचा रंधा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बाबा धनुष्यं बनवत. धाकटीचं साडेचार फुटी धनुष्य त्यांनीच केलेलं. धाकटी बेचाळीस वर्षांची होती, थोरली कधीच दूरदेशी गेली होती, तरी नाव धाकटीच राहिलं होतं.

"आणि मी वर येऊन दाखवलं तर?" तिने विचारलं. "माझं धनुष्य मीच नेऊन?"

"एका हाताने?"

"दोन्ही हातांनी. धनुष्य हातात नसेल."

"मग काय दातात धरशील?" मामा हसला. पण जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आणलंस तर आणलंस. नियम नियम आहे."

धाकटीचं पोट पट्ट्यांवर चालायचं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे ती वाकड्या पायांना कॅलिपर, दुखऱ्या पाठींना पट्टे आणि कापलेल्या पायांना कृत्रिम पाय करून बसवायची. भिंतीला प्लॅस्टरच्या पावलांची रांग, टेबलावर चामडं, नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, रिबिटं. बाजूला शिलाई मशीनवर शिंपीणताई. माणसाच्या अंगावर वजन कुठे टेकवावं आणि कुठे टेकवू नये, हे धाकटीला इतरांपेक्षा जरा जास्त कळत असे. तेव्हा आपल्याला हे चार दिवसांत जमेल असं तिला वाटलं.

जमलं नाही. आधी तिने जे कुणीही करेल ते केलं. दोरी छातीवर, लाकूड पाठीवर, असं धनुष्य आडवं अडकवून मागच्या टेकडीवर गेली. पहिल्याच झुडपात वरचं टोक अडकलं आणि तिला कुणीतरी मागून कॉलर धरून खेचल्यासारखं झालं. मग पाठीवर नळकांडं शिवलं. त्यात धनुष्य बसलं, पण चालताना खालचं टोक पोटरीवर टोले मारी. संध्याकाळी शिंपीणताईने तिची निळी पोटरी पाहिली.

"नवरा असता तर त्याच्यावर आळ आला असता हो," ती म्हणाली. "शिकारीला जातेस की मार खायला?"

तिसऱ्या खेपेला तिने धनुष्याच्या दोन्ही भुजांना, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांना, पट्टे घातले आणि ते खांद्याला नि कंबरेला घट्ट बांधले. हलेना, डुलेना. खूश होऊन तिने ते बाबांना दाखवलं.

बाबा काठी टेकत उठले, तिच्याभोवती एक फेरी मारली.

"धनुष्य म्हणजे काय दप्तर आहे, पाठीला लावायला?"

"बाबा, ते सोडा. धरलंय कसं ते बघा."

"बघतोय. फासावर दिलंयस." त्यांनी वरच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे लाकूड वाकतं. तू त्याला दिवसभर आडवं ओढणार, डोंगर चढणार, घाम गाळणार. दोन दिवसांत भुजेला पीळ पडेल. मग बाण जाईल शेजाऱ्याच्या घरात."

"मग धरू कुठे?"

"जिथे तू धरतेस तिथे. मुठीला. मूठ वाकत नाही." एवढं बोलून ते पुन्हा रंध्याकडे गेले. जरा वेळाने पाठमोरेच म्हणाले, "आणि माझ्याने बघवत नाही, ते वेगळं."

मुठीला एकाच ठिकाणी धरलेली लांब वस्तू फिरणार, हे उघड होतं. धाकटी दोन दिवस त्यावरच विचार करत होती. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या पेशंटचा कॅलिपर दुरुस्तीला आला, आणि त्याची खालची पट्टी सैल करताना तिला दिसलं की ही पट्टी वजन घेतच नाही. वजन मांडीपाशी जातं. ही नुसती पायाला भरकटू देत नाही.

मग तिने सगळं उसवलं. डाव्या खांद्यामागे एक रुंद पट्टा, त्याच्या गाळ्यात, म्हणजे शिवलेल्या वेढ्यात, धनुष्याची मूठ. सगळा भार तिथे. खाली कंबरपट्ट्याला मागून नमद्याचा सैल खिसा, त्यात खालची भुजा नुसती टेकलेली. ओढ नाही, दाब नाही, फक्त वेसण. खांद्याच्या पट्ट्याचं तोंड छातीवर आणलं. उजव्या हाताने ते उघडलं की मूठ सुटायची, धनुष्य खालच्या खिशावर दारासारखं फिरून पुढे यायचं, आणि डाव्या मुठीत आपसूक बसायचं. पट्ट्याच्या तोंडाला तिने वेल्क्रो लावला. एका हाताने उघडतो, चिखलात अडकत नाही, आणि तिच्या हातून आजवर हजारो लागले असतील.

"बघू," शिंपीणताई म्हणाली. धाकटीने पट्टा ओढला, धनुष्य हातात आलं. पलीकडच्या बाकावर एक पेशंट आपल्या पाठीचा पट्टा काढत होता, दुसरा घालत होता. खोलीत नेहमीचीच चर्रचर्र चालू होती. "छान आहे गं. मलाही एक कर, बाजारातून झाडू आणायला."

बाबांनी यावेळी दोरी डोळ्यासमोर धरून दोन्ही भुजा तिच्या रेषेत आहेत का पाहिलं, आणि धनुष्य परत दिलं. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

घळीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड होती, टोळी तिथे उतरे. यंदा तिघंच होते. मामा, धाकटी, आणि मामाचा जुना दोस्त सुतार, ज्याला गप्प बसण्याचा शाप कधी लागला नव्हता.

"धाकटे, तू तर पाळण्यात मूल घालून आलीस," तो तिची पाठ बघून म्हणाला.

"हो. रडत नाही, एवढंच बरं."

पहाटे निघाले. पहिल्या धोंड्यांवर तिने दोन्ही हात टेकले आणि तिला कसंसंच झालं. इतक्या वर्षांत या दगडांना तिने कधी दोन हात लावले नव्हते. उजव्याने वजन घ्यायचं, डाव्याची बोटं कपारीत आकड्यासारखी घालायची. झुडपांत ती वाकली की धनुष्यही तिच्याबरोबर वाके. कुबडापाशी आली. तीच धार, तेच शेवाळ. तिने डावी बोटं कपारीत रुतवली, उजवा तळहात खालच्या दगडावर दाबला, आणि स्वतःला हळूहळू पलीकडे ढकललं.

मामा वर थांबला होता. त्याचा एक पाय दगडावर ताठ होता आणि गुडघ्यावर हात.

"थांबलास?" तिने विचारलं.

"वारा बघतोय."

धाकटी रोज अशीच माणसं बघायची. गुडघा सुजलेला होता, पँटवरूनही कळत होतं.

पठारावर उजाडता उजाडता तिघं वेगवेगळ्या जागी बसली. मामा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. समोरच्या झाडांखाली माती उकरल्याचा आवाज येऊ लागला, आणि मग एक जाडजूड डुक्कर नाक खुपसत उघड्यावर आलं. वारा त्याच्याकडून तिच्याकडे. बाणाच्या टप्प्यात. तिने श्वास सोडला, उजवा हात छातीवर नेला आणि पट्टा ओढला.

चर्रर्र!

एवढ्या मोठ्या शांततेत तो आवाज कापड फाडल्यासारखा गेला. डुक्कर जागच्या जागी वळलं, एकदा फुत्कारलं आणि झाडीत घुसलं. त्याच्यामागे, तिला न दिसलेली आणखी चारपाच. काही क्षण झाडी मोडत राहिली. मग काही नाही.

धाकटी हातातल्या पट्ट्याकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं दिवसभर तिच्या कानांवर तोच आवाज पडत होता, आणि म्हणूनच तो तिला कधी ऐकू आला नव्हता. भार मोजला, पीळ मोजला, आवाज मोजलाच नाही.

उरलेला दिवस पठारावर एक ससासुद्धा फिरकला नाही. संध्याकाळी शेडमध्ये मामा बूट काढत म्हणाला, "उद्या पाणवठ्यावर बस. तिथे ओढ्याचा आवाज असतो, तुझा झाकला जाईल."

सुतार खो खो हसला. धाकटीचे कान तापले, पण ती सरळ उभी राहिली.

"माझं धनुष्य वर कुणी नेलं?"

"तू."

"वाटेत कुणाच्या हातात दिलं?"

"नाही दिलंस."

"मग कोणत्या नियमाने खाली बसू? जनावर सगळ्यांकडून बिचकून उठलंय कधी ना कधी. तू खोकला होतास त्या वर्षी तुला कुणी बसवलं खाली?"

मामाने सुताराकडे पाहिलं. सुताराने छताकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस? नियम तुझाच आहे," तो म्हणाला.

"उद्या पुन्हा जनावर उठलं," मामा सावकाश म्हणाला, "तर परवा मी सांगणार नाही. तुझं तूच खाली बसायचं."

"बसेन."

तिने दाराशी, उजेड होता तोवर, चाकूच्या टोकाने वेल्क्रोचा टाका न् टाका उसवला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चामड्याचे फासे शिवले, एक दुसऱ्यात बसेल असे. त्यांतून एक खुंटी घातली की तोंड बंद, उपसली की उघडं. पहिली खुंटी वाळक्या फांदीची केली. ती उपसताना कुरकुरली.

"आण इकडे," सुतार म्हणाला.

"नको. उगाच उद्या कुणी म्हणायचं..."

"धनुष्याला हात लावू नये असं आहे. खुंटी करायला कुणाच्या आज्याने मनाई केलीय?" त्याने खिशातली छोटी पटाशी काढली आणि एका चिवट काटकीची निमुळती, गुळगुळीत खुंटी करून दिली. धाकटीने दोरीला लावायचं मेण तिच्यावर चोळलं आणि हरवू नये म्हणून तिला दोऱ्याने पट्ट्याशी बांधलं.

"आता तिकडे तोंड कर. ऐकू आलं की सांग."

सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ गेला.

"अगं ओढ ना. किती वेळ उभा करतेस?"

"कधीचंच झालं."

तो वळला. धनुष्य तिच्या डाव्या हातात होतं.

"मला ऐकू आलं," अंथरुणातून मामा म्हणाला.

"काय?"

"तुम्हा दोघांची बडबड. झोपा."

दुसऱ्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी घळीत शिरली. काल उठलेली जनावरं त्याच जागी येणार नाहीत, म्हणून पठाराच्या टोकाला, जिथे चढायला दोन्ही हात आणि गुडघेही लागतात, त्या कपारीवर जाऊन बसली. तिथे धनुष्य हातात घेऊन कुणी कधी गेलं नव्हतं. खाली उकरलेली ताजी माती होती. ऊन चढू लागलं तरी काही हललं नाही. पाय बधिर झाले. आज काही आलं नाही तर ते उठवल्यात जमा होईल का, असा एक मूर्ख विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाकलला.

मग ते आलं. एकटंच, जुनं, मानेवर राठ केस उभे असलेलं. धाकटीने खुंटीला दोन बोटं लावली आणि ते नाक खुपसेपर्यंत थांबली. खुंटी लोण्यातून निघावी तशी निघाली. धनुष्य फिरून हातात आलं. डाव्या मनगटाने एक अक्षर न बोलता काम केलं. बाण खांद्याच्या मागे, जिथे लागायला हवा तिथे लागला.

डुक्कर उडी घेऊन बाजूच्या काटेरी उतरणीत गेलं. टोळीत न बोलता पाळलेली आणखी एक गोष्ट होती, बाण ज्याचा माग त्याचा. थोडं थांबून तिने धनुष्य पुन्हा पाठीला लावलं, खुंटी घातली, आणि काट्यांखालून दोन्ही कोपरांवर सरपटत उतरली. रक्ताचे थेंब पानांवर होते, मग दगडावर, मग नव्हते, मग पुन्हा होते. एका धोंड्याआड ते शांत पडलेलं सापडलं. तिने त्याच्या मानेवर तळहात ठेवला. अजून ऊब होती.

तिची शीळ ऐकून मामा आणि सुतार आले. मामाने बाण कुठे लागला ते वाकून पाहिलं, वरच्या कपारीकडे मान वर करून पाहिलं, आणि म्हणाला, "हं." तिघांनी मांस वाटून पोत्यांत बांधलं, पाठीवर घेतलं. धाकटीने आपलं पोतं खाली कंबरेपाशी बांधलं, धनुष्याला अडणार नाही असं. दुपारी घळ उतरायला लागले. पुढे सुतार, मध्ये धाकटी, वर मामा.

ती कुबडाखाली उतरून रुंद दगडावर पोचली आणि तिने मागे पाहिलं. मामा कुबडावर उभा होता. पाठीवर ओझं, उजव्या हातात धनुष्य, डावा हात कपारीत. खालचा पाय टाकायला त्याने गुडघा वाकवला आणि तो थरथरू लागला. त्याने पाय वर घेतला. पुन्हा टाकला. पुन्हा घेतला.

सुताराचा हात आपसूक वर गेला. "आण इकडे ते..." म्हणता म्हणता तो थांबला. हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो खिशात घातला.

मामा त्या हाताकडे बघत होता. तो धनुष्य देणार नव्हता. पडला तर तेच उंच धरून पडणार होता, हे धाकटीला स्वतःच्या मनगटाइतकं नक्की माहीत होतं.

तिने पोतं उतरवलं. खुंटी काढली, धनुष्य कातळाला टेकवून ठेवलं आणि खांद्यावरून नि कंबरेवरून अख्खा पट्टा सोडवला.

"याला हात लावायचा नाही," ती सुताराला म्हणाली.

"मी तर बघतही नाही," सुतार म्हणाला आणि खरंच तोंड फिरवलं.

पट्टा गळ्यात अडकवून ती दोन्ही हातांनी पुन्हा वर चढली, मामाच्या मागच्या कपारीत जाऊन टेकली.

"काय करतेस?"

"उजवा हात जरा मागे घे. तूच धर, मी धरत नाही. मूठ या गाळ्यात घाल. तूच घाल. आता टोक खाली खिशात." तिने त्याचं ओझं बाजूला सरकवलं आणि त्याच्या खांद्याला नि कंबरेला पट्टा आवळला. रोज दहा जणांना पट्टे आवळायची तिला सवय होती. "तुझंच धनुष्य, तुझ्याच पाठीवर. कुणाला दिलं नाहीस. नियम मोडला?"

मामाचा उजवा हात रिकामा झाला होता आणि तो हवेत तसाच मूठ आवळून होता.

"आता याचं काय करू?"

"दगड धर."

त्याने मूठ उघडली आणि दगड धरला. मग डावा, मग उजवा. गुडघा थरथरला, पण आता भार हातांवर होता. तो एकेक बोट करत उतरला. धाकटी त्याच्या वर राहिली आणि त्याच्या पायांखालचे दगड सांगत राहिली. रुंद दगडावर पोचल्यावर तिने पोतं पुन्हा बांधलं आणि आपलं धनुष्य डाव्या हातात घेतलं.

खाली शेडपाशी पोचेपर्यंत त्याने पट्टा काढला नाही. सुतार दोनदा काही बोलणार होता आणि दोनदा गप्प बसला, हे त्याच्या बाबतीत नोंद घेण्यासारखं होतं. शेवटी मामाने छातीवरची खुंटी उपसली, धनुष्य फिरून हातात आलं, तसा तो दचकला.

"ढिला होतो खांद्यात," तो म्हणाला.

"माझ्या मापाचा आहे. सोमवारी ये हॉस्पिटलात, तुझा करून देते."

"तुझ्या बापाला सांगू नकोस."

"ते विचारतील, धनुष्य कसंय म्हणून."

"मग सांग, ठीक आहे." मामा दगडावर बसला आणि बूट सोडायला लागला. मान खालीच. "आणि मनगट?"

"चाललं. गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय?"

"सोमवारी येतोयस, तर त्यालाही एक पट्टा करू."

मामाने बराच वेळ नाडीची गाठ सोडवली.

"आवाज न करणारा कर," तो म्हणाला.